वीस तासांची चौकट: परदेशी शिक्षण, विद्यार्थ्यांची कमाई आणि उद्योगाचा अडलेला रस्ता

संगमनेरच्या गोपाळराव जोशींनी १८८० मध्ये रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले, तेव्हा त्यात दोन विनंत्या होत्या. पत्नीला वैद्यकीचे शिक्षण घ्यायचे आहे, तिला साहाय्य व्हावे, ही पहिली. आपल्यालाही तिकडे एखादी योग्य नोकरी मिळावी, ही दुसरी. वाइल्डर यांनी धर्मांतराचा विषय काढला आणि तो पत्रव्यवहार आपल्या नियतकालिकात छापला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्या तो वाचनात आला आणि त्यातून आनंदीबाईंचा अमेरिकेचा मार्ग खुला झाला. ही कथा मराठी घरांत पाठ आहे. त्या पत्रातली नोकरीची ओळ मात्र सहसा सांगितली जात नाही. परमुलखात शिकायचे तर राहायचे आणि खायचे कशावर, हा प्रश्न परदेशी शिक्षणाला पहिल्या दिवसापासून चिकटलेला आहे.

नाशिकच्या कॉलेज रोड आणि गंगापूर रोडवरच्या परदेशी शिक्षण सल्लागारांकडे पालक येतात, तेव्हा विद्यापीठाच्या क्रमवारीच्या पाठोपाठ हाच प्रश्न येतो: तिकडे राहण्या-जेवणापुरते तरी निघेल ना? अलीकडे मुलांकडून आणखी एक प्रश्न येऊ लागला आहे: शिकता शिकता स्वतःचे काही सुरू करता येईल का? पहिल्या प्रश्नाला प्रत्येक देशाकडे तासांत मोजलेले उत्तर आहे. दुसऱ्याला बहुतेक देशांकडे धड उत्तरच नाही. या दोन प्रश्नांभोवती गेल्या काही वर्षांत बराच वाद झाला, नियम अनेकदा फिरले, खटले झाले. तो सगळा पट एकत्र मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

बंधने आधीही होती, पण वेगळी

आनंदीबाई १८८३ मध्ये गेल्या तेव्हा विद्यार्थी व्हिसा अस्तित्वातच नव्हता. त्या काळातल्या आणि नंतरच्याही दोन-तीन दशकांतल्या मराठी विद्यार्थ्यांवर अटी होत्या, पण त्या यजमान देशाने घातलेल्या नव्हत्या. पैसा देणाऱ्याने घातलेल्या होत्या. नाशिकजवळच्या भगूरचे विनायक दामोदर सावरकर १९०६ मध्ये लंडनला गेले ते श्यामजी कृष्णवर्मा यांच्यामार्फत मिळालेल्या शिवाजी शिष्यवृत्तीवर. श्यामजींच्या शिष्यवृत्त्यांची अट होती की घेणाऱ्याने पुढे इंग्रज सरकारची नोकरी धरू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले ते सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानाच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. परत आल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचा करार त्यांना करून द्यावा लागला होता. म्हणजे एका ठिकाणी अट होती नोकरी न करण्याची, दुसऱ्या ठिकाणी करण्याची. दोन्ही अटी शिक्षणानंतरच्या आयुष्याबद्दलच्या होत्या. शिकत असताना कोणी किती तास राबावे, यावर कोणाचा पहारा नव्हता. वर्ध्याच्या पांडुरंग खानखोजे यांनी ओरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांत शेतीशास्त्र शिकताना मिळेल ती मजुरी केली आणि ते पुढे मेक्सिकोत कृषिशास्त्रज्ञ म्हणून नावाजले गेले.

यजमान देशाचा पहारा नंतर आला. अमेरिकेने १९२४ च्या स्थलांतर कायद्यात विद्यार्थ्यांचा वेगळा वर्ग केला आणि १९५२ च्या कायद्याने आजचा ‘एफ’ व्हिसा घडवला. त्याचे मूळ गृहीतक साधे आहे: विद्यार्थी शिकायला येतो, खर्चाचे पैसे सोबत आणतो आणि शिकून परत जातो. काम ही सवलत, हक्क नव्हे. गेल्या सत्तर वर्षांत जगात काय काय बदलले, पण हे गृहीतक कागदावर तसेच आहे.

महाराष्ट्रातल्या मुलाला हे गृहीतक जरा परके वाटते, त्याला कारण आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेत ‘कमवा व शिका’ रुजवली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ कर्मवीरांच्याच नावाने ही योजना चालवते आणि नाशिक जिल्ह्यातल्या अनेक महाविद्यालयांत मुले त्यातून ग्रंथालयात, बागेत, कार्यालयात काम करून खर्चाला हातभार लावतात. शिकताना कमावणे हा इथे कमीपणा मानला जात नाही, उलट त्याला मान आहे. अशा वातावरणातून गेलेल्या मुलाला आठवड्यातल्या एकविसाव्या तासाचे काम हा गुन्हा ठरू शकतो, हे समजून घ्यायला वेळ लागतो.

आजचे नियम: तास, दिवस, महिने

अमेरिकेत एफ-वन व्हिसावरच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येते, तेही विद्यापीठाच्या आवारात, सुटीत पूर्णवेळ. आवाराबाहेर पहिले शैक्षणिक वर्ष काम नाही. पुढे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून ‘सीपीटी’ आणि पदवीनंतर ‘ओपीटी’ ही प्रशिक्षणाची सोय आहे. ओपीटी १२ महिन्यांची. विज्ञान-अभियांत्रिकीच्या, म्हणजे ‘स्टेम’ विषयांच्या पदवीधरांना २००८ मध्ये त्यावर १७ महिने वाढवून मिळाले, २०१६ मध्ये ती वाढ २४ महिन्यांची झाली. एकूण तीन वर्षे. पहिल्या १२ महिन्यांत कामाविना ९० दिवसांहून जास्त राहता येत नाही. स्टेमची वाढ धरून ही मर्यादा १५० दिवसांची.

ब्रिटनमध्येही पदवी अभ्यासक्रमाला आठवड्याला २० तास, मात्र आवाराबाहेर चालतात. स्वयंरोजगार आणि व्यवसाय यांना साफ मनाई. फ्रीलान्स कामही त्यातच धरले जाते. पदवीनंतर ‘ग्रॅज्युएट रूट’वर दोन वर्षे राहून जवळपास काहीही करता येते, स्वतःचा धंदासुद्धा. जर्मनीने हिशेब तासांऐवजी दिवसांत ठेवला आहे: मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस. स्वयंरोजगारासाठी तिथल्या परकीय नागरिक कार्यालयाची वेगळी परवानगी लागते, आणि पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात.

कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया यांची गोष्ट सविस्तर पाहण्यासारखी आहे, कारण या चर्चेतला सर्वांत बोलका पुरावा तिथेच आहे. ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४० तासांची मर्यादा होती. करोनानंतर कामाला माणसे मिळेनात, तेव्हा जानेवारी २०२२ मध्ये ती उठवली. जुलै २०२३ मध्ये ती ४८ तासांवर परत आली. कॅनडाने २० तासांची मर्यादा नोव्हेंबर २०२२ मध्ये काढली, दीड वर्षाने पुन्हा लावली आणि नोव्हेंबर २०२४ पासून ती २४ तासांवर स्थिर केली. मधल्या काळात कॅनडात घरभाडे भडकले होते आणि परदेशी विद्यार्थ्यांच्या संख्येवरच २०२४ च्या सुरुवातीला मर्यादा आली होती.

तासांच्या मर्यादेचे अधिकृत कारण नेहमी अभ्यासाचे दिले जाते. विद्यार्थ्याने वर्गात असावे, दुकानाच्या गल्ल्यावर नव्हे. हे कारण खोटे नाही. पण माणसे कमी पडली की मर्यादा उठते आणि घरे कमी पडली की परत येते, हे पाहिल्यावर ती मर्यादा मजुरांच्या बाजाराचाही नळ आहे हे मान्य करावे लागते.

मर्यादा हवी म्हणणाऱ्यांची बाजू

या बाजूला स्थानिक कामगारांच्या हिताचा मुद्दा सर्वांत जुना आहे आणि त्याला ठोस आधार आहे. अमेरिकेत एफ-वन विद्यार्थ्याला पहिली पाच वर्षे सामाजिक सुरक्षा आणि मेडिकेअरचा कर साधारणपणे लागत नाही. मालकाच्या वाट्याचा ७.६५ टक्के करही वाचतो. म्हणजे एकाच पगारावर स्थानिक पदवीधरापेक्षा ओपीटीवरचा पदवीधर मालकाला स्वस्त पडतो. वॉशिंग्टन राज्यातल्या तंत्रज्ञान कामगारांच्या ‘वॉशटेक’ या संघटनेने ओपीटीविरुद्ध वर्षानुवर्षे न्यायालयात लढा दिला. अमेरिकी काँग्रेसने कायदा न करता केवळ नियमावलीतून एवढी मोठी रोजगार योजना उभी राहिली, हा त्यांचा मूळ आक्षेप. २०२२ मध्ये वॉशिंग्टन डी.सी.च्या अपील न्यायालयाने ओपीटी वैध ठरवली आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात लक्ष घालायला नकार दिला. वैधतेचा प्रश्न तिथे मिटला, धोरणाचा मिटला नाही. अमेरिकेच्या नागरिकत्व आणि स्थलांतर सेवेचे संचालक जोसेफ एडलो यांनी २०२५ मध्ये नियुक्तीपूर्वीच्या सुनावणीत, शिक्षण संपल्यावर विद्यार्थ्यांना मिळणारा कामाचा परवाना बंद करण्याची आपली इच्छा उघडपणे सांगितली होती.

दुसरा मुद्दा गैरवापराचा. शिक्षणाच्या नावाखाली निव्वळ कामाचा परवाना विकणाऱ्या संस्था निघतात, हे वारंवार दिसले आहे. कॅलिफोर्नियातले ट्राय-व्हॅली विद्यापीठ २०११ मध्ये बंद पडले तेव्हा तिथले बहुसंख्य विद्यार्थी भारतीय होते आणि काहींच्या पायात पाळत ठेवणारे पट्टे बांधले गेले होते. २०१९ मध्ये मिशिगनमधल्या ‘फार्मिंग्टन विद्यापीठा’च्या प्रकरणात १२९ भारतीय विद्यार्थी ताब्यात घेतले गेले, ते विद्यापीठ मुळात अमेरिकी सरकारनेच सापळा म्हणून उभे केले होते. सापळा लावणे योग्य होते का यावर मतभेद आहेत. पण वर्ग नसलेल्या विद्यापीठाची फी भरून काम करू पाहणारे होते, हे नाकारता येत नाही.

ब्रिटनमध्ये या बाजूचे म्हणणे थोडे निराळे आहे. तिथे पदवीनंतरचा कामाचा मार्ग २०१२ मध्ये बंद केला गेला, २०२१ मध्ये पुन्हा उघडला गेला. उघडल्यावर एक वर्षाच्या मास्टर्सला येणाऱ्यांची संख्या वेगाने वाढली आणि ‘हे शिक्षण की स्थलांतर’ असा सवाल उभा राहिला. २०२४ मध्ये सरकारच्याच स्थलांतर सल्लागार समितीने तपासणी करून व्यापक गैरवापर आढळला नसल्याचे सांगितले आणि मार्ग चालू ठेवण्याची शिफारस केली. तरीही मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत मुदत कमी करण्याचा निर्णय आला.

मर्यादा सैल करा म्हणणाऱ्यांची बाजू

इथे विद्यापीठे, उद्योग आणि विद्यार्थी संघटना एकत्र येतात, पण त्यांची कारणे एक नाहीत. विद्यापीठांना परदेशी विद्यार्थ्यांची फी हवी असते. काम करता येत नसेल तर विद्यार्थी दुसऱ्या देशाकडे वळतो. उद्योगांना शिकलेले मनुष्यबळ हवे असते. विद्यार्थी संघटनांचा मुद्दा सुरक्षिततेचा आहे, आणि तो सर्वांत कमी ऐकला जातो.

ऑस्ट्रेलियातल्या सेव्हन-इलेव्हन दुकानांचे प्रकरण २०१५ मध्ये उघडकीला आले. रात्रपाळीचे परदेशी विद्यार्थी मर्यादेच्या दुप्पट तास राबत होते आणि नोंदीत त्यातले निम्मेच तास दाखवले जात होते. म्हणजे प्रत्यक्षात पगार निम्मा. तक्रार केलीच, तर मालकाकडे उत्तर तयार होते: तूच तासांची मर्यादा मोडली आहेस, तुझाच व्हिसा जाईल. विद्यार्थ्याच्या रक्षणासाठी केलेला नियम मालकाच्या हातातले हत्यार कसा बनतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणार नाही. ऑस्ट्रेलियाने त्यातून धडा घेतला. जुलै २०२४ पासून व्हिसाच्या धाकाने कामगाराला राबवून घेणे हा मालकाचा गुन्हा ठरला आहे. असे पाऊल सर्व देशांनी उचलायला हवे. मर्यादा किती तासांची असावी यावर दुमत असू शकते. ती मोडल्याची शिक्षा फक्त दुबळ्या बाजूला व्हावी, याचे समर्थन करणे मात्र अवघड आहे.

अमेरिकेत कॅश घेऊन पेट्रोल पंपावर किंवा उपाहारगृहात काम करणाऱ्या भारतीय मुलांची स्थिती याहून फारशी वेगळी नाही. अपघात झाला तर विमा नाही, पगार बुडाला तर दाद नाही. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने ४,७०० हून अधिक परदेशी विद्यार्थ्यांच्या कायदेशीर दर्जाच्या नोंदी अचानक रद्द केल्या. अमेरिकी स्थलांतर वकील संघटनेने गोळा केलेल्या ३२७ प्रकरणांत निम्मे विद्यार्थी भारतीय होते, आणि अनेकांच्या बाबतीत वाहतुकीच्या नियमभंगासारखी किरकोळ नोंद एवढेच कारण दिसत होते. न्यायालयांनी फटकारल्यावर नोंदी पूर्ववत झाल्या. पण तेवढ्या आठवड्यांत कित्येकांनी कामावर जाणे थांबवले होते.

धंदा सुरू करायचा तर

तासांची मर्यादा पगारी नोकराला डोळ्यासमोर ठेवून बांधलेली आहे. काम म्हणजे मालक, हजेरी आणि पगार. स्वतःची कंपनी काढणाऱ्या विद्यार्थ्याचे तास कोण मोजणार? ॲप लिहिण्यात रात्र घालवली तर ते काम, छंद की गृहपाठ? कायद्याला हे प्रश्न अडचणीचे आहेत, म्हणून बहुतेक देशांनी सरसकट ‘नाही’ म्हणून टाकले आहे.

अमेरिकेत शिकत असताना कंपनीची नोंदणी करणे किंवा भागभांडवल बाळगणे चालते, पण ती चालवणे चालत नाही, असा वकिलांचा सर्वसाधारण सल्ला असतो. पदवीनंतरच्या १२ महिन्यांच्या ओपीटीत स्वतःचा व्यवसाय करता येतो; तो शिकलेल्या विषयाशी निगडित हवा आणि परवाने रीतसर हवेत. पुढच्या २४ महिन्यांच्या स्टेम वाढीत मात्र खरा मालक आणि खरा कर्मचारी असे नाते दाखवावे लागते. विद्यार्थी स्वतःचाच मालक होऊ शकत नाही. म्हणजे कंपनीला जेमतेम वर्ष होते न होते तोच तिच्या संस्थापकाला दुसऱ्याची नोकरी शोधावी लागते.

त्यापुढे एच-वन-बी हा कामाचा व्हिसा. दरवर्षी ६५,००० आणि अमेरिकी उच्च पदवीधारकांसाठी आणखी २०,००० जागा, अर्ज त्याहून कितीतरी जास्त. जानेवारी २०२५ पासून स्वतःच्या कंपनीमार्फतही हा व्हिसा मागता येतो, पण पहिली मंजुरी १८ महिन्यांचीच मिळते. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचा आकार लागू झाला. अमेरिकेतच राहून एफ-वनवरून बदल मागणाऱ्यांना तो लागत नाही असे सरकारने महिन्याभराने स्पष्ट केले, तोवर घरोघरी फोन खणखणत होते. गुंतवणूकदारांसाठीचा ई-टू व्हिसा भारतीयांना मिळत नाही, कारण त्यासाठी लागणारा करार भारत-अमेरिकेत झालेला नाही. ओबामा प्रशासनाच्या अखेरच्या दिवसांत, जानेवारी २०१७ मध्ये आलेला आंतरराष्ट्रीय उद्योजक नियम कागदावर आहे. त्यात सुमारे तीन लाख डॉलरची पात्र गुंतवणूक दाखवली तर ३० महिने राहता येते. पण तो व्हिसा नाही, तात्पुरता प्रवेश आहे, आणि त्याचा वापर फारच थोड्यांनी केला.

मोकळीक देण्याच्या बाजूने सर्वाधिक सांगितला जाणारा पुरावा नॅशनल फाउंडेशन फॉर अमेरिकन पॉलिसी या संस्थेच्या २०२२ च्या अभ्यासातला आहे: एक अब्ज डॉलरहून मोलाच्या ५८२ अमेरिकन नवउद्योगांपैकी १४३ मध्ये किमान एक संस्थापक असा होता, जो आधी परदेशी विद्यार्थी म्हणून अमेरिकेत आला होता. आकडा मोठा आहे, पण तो यशस्वी झालेल्यांचाच आहे. किती जण व्हिसामुळे सुरूच करू शकले नाहीत, ते या आकड्यात दिसत नाही. आणि नियम सैल केले असते तर त्यातले किती टिकले असते, तेही नाही.

मागच्या पिढीचे उदाहरण सुहास पाटील यांचे. एमआयटीत डॉक्टरेट, मग अध्यापन, आणि १९८१ मध्ये सॉल्ट लेक सिटीत काढलेली कंपनी, जी पुढे सिरस लॉजिक झाली. १९९२ मध्ये त्यांनी इतरांसह ‘टाय’ ही भारतीय उद्योजकांची संस्था उभारली. तिची शाखा आज नाशिकमध्येही आहे. पाटील यांचा मार्ग प्राध्यापकीतून गेला. आज तेवढा निवांत वेळ भारतीय विद्यार्थ्याला मिळत नाही, कारण ग्रीन कार्डची रांग दशकांची झाली आहे.

परत येणाऱ्यांची बाजूही या आढाव्यात हवीच, आणि नाशिकला ती नीट माहीत आहे. राजीव सामंत स्टॅनफर्डमध्ये शिकले, ओरॅकलमध्ये नोकरी केली आणि मग भारतात आले. गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीवर त्यांनी बरेच प्रयोग केले, शेवटी कॅलिफोर्नियाचे वाइनतज्ज्ञ केरी डॅमस्की यांना सोबत घेऊन द्राक्षांकडे वळले आणि २००० मध्ये सुला वाइन बाजारात आली. ते व्हिसामुळे परतले नव्हते, स्वतःच्या इच्छेने आले होते. स्नॅपडीलचे कुणाल बहल यांना मात्र अमेरिकेत व्हिसा नाकारला गेला म्हणून ते २००७ मध्ये परतले. दोघांच्या उद्योगांचा लाभ भारताला झाला. यावरून ‘कडक नियम आपल्याच फायद्याचे’ असा निष्कर्ष काही जण काढतात. तो घाईचा आहे. सामंत परतले ते शिक्षण आणि काही वर्षांचा कामाचा अनुभव पदरी घेऊन. पदवीनंतर कामच करता आले नाही, तर परत येणाऱ्याच्या हाती अनुभव नसतो, कर्ज असते.

कर्जाचा हिशेब

या वादात नाशिकसारख्या जिल्ह्याचे खरे हितसंबंध इथे आहेत. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळू शकते, पण अमेरिका-ब्रिटनचा खर्च त्याच्या कितीतरी पटींनी असतो. मग तारण लागते. निफाड किंवा दिंडोरीच्या बागायतदाराकडे लाखमोलाची द्राक्षबाग असते, पण बँका शैक्षणिक कर्जाला शेतजमीन सहसा धरत नाहीत. सरफेसी कायद्याखाली शेतजमिनीवर जप्ती आणता येत नाही, हे त्यामागचे कारण. सातबारा असून उपयोग नसतो. मग गावातले घर, शहरातला एनए प्लॉट किंवा मामाचा फ्लॅट तारण जातो. जर्मनीला जायचे तर वर्षाला ११,९०४ युरो बंद खात्यात आधीच भरावे लागतात. कॅनडाने हीच दाखवायची रक्कम जानेवारी २०२४ मध्ये १०,००० वरून २०,६३५ डॉलर केली.

ही परतफेड भारतीय पगारावर होईल असे बहुतेक कुटुंबे धरतच नाहीत. ती ओपीटीच्या तीन वर्षांत किंवा ग्रॅज्युएट रूटच्या दोन वर्षांत व्हायची असते. अमेरिकेत २०२३-२४ मध्ये ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते, त्यातले ९७,५५६ ओपीटीवर. दर दहांतले जवळपास तिघे. यजमान देशाच्या दृष्टीने जे प्रशिक्षण आहे, ते इथल्या कुटुंबाच्या दृष्टीने परतफेडीचे वेळापत्रक आहे.

सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या ७५ विद्यार्थ्यांना दरवर्षी फी आणि निर्वाहभत्ता देते. या मुलांच्या मागे विकायला किंवा तारण ठेवायला सहसा काही नसते. भत्ता एखाद्या महिन्याने लांबला तरी वीस तासांच्या आतले काम हाच त्यांचा आधार. मर्यादेचा ताण सर्वांवर सारखा पडत नाही, तो इथे दिसतो.

पर्याय म्हणून अलीकडे जर्मनीच्या व्यावसायिक प्रशिक्षणाकडे, आउसबिल्डुंगकडे, बोट दाखवले जाते. त्यात शिकाऊ उमेदवाराला पहिल्या महिन्यापासून वेतन असते. २०२४ मध्ये महाराष्ट्राने बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. सातपूरच्या बॉश कारखान्यामुळे जर्मन कामाची पद्धत नाशिकला अनोळखी नाही. भाषेची अट कठीण आहे आणि पदवीच्या मोहातून घरे बाहेर यायला वेळ लागेल, पण ‘कमवा व शिका’च्या सर्वांत जवळचा परदेशी मार्ग तोच आहे.

आपल्या दारात

एक बाजू आपण सहसा पाहत नाही. भारतात २०२१-२२ मध्ये ४६,८७८ परदेशी विद्यार्थी शिकत होते, नेपाळचे सर्वाधिक. पुण्यात आखाती, आफ्रिकी आणि अफगाण विद्यार्थ्यांची वस्ती जुनी आहे. भारताच्या विद्यार्थी व्हिसावर नोकरी करता येत नाही, धंदाही नाही. आठवड्याचे वीस तास सोडा, एकही तास नाही. परदेशी विद्यार्थी वाढावेत म्हणून २०१८ पासून ‘स्टडी इन इंडिया’ मोहीम चालू आहे आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही आंतरराष्ट्रीयीकरणावर भर आहे. बेरोजगारी असलेल्या देशाने असा नियम ठेवणे समजण्यासारखे आहे. पण मग अमेरिकन किंवा कॅनेडियन कामगार संघटना तोच मुद्दा मांडतात, तेव्हा त्यांचेही म्हणणे त्याच गांभीर्याने ऐकायला हवे.

न सुटलेले प्रश्न

सर्वांत गुंतागुंतीचा प्रश्न दूरस्थ कामाचा आहे. नाशिकच्या अंबडमधल्या वडिलांच्या कारखान्याचे हिशेब मुलगी डॅलसच्या खोलीतून रात्री बघते; पगार रुपयांत, भारतातल्या खात्यात. हे अमेरिकेतले काम की भारतातले? अमेरिकी नियमांत रोजगाराची व्याख्या तिथल्या भूमीवर केलेल्या कामाशी बांधलेली आहे, त्यामुळे सावध वकील ‘नको’ म्हणतात. काहींच्या मते अमेरिकन मालक नसल्याने धोका कमी. बिनपगारी मदत, यूट्यूबचे उत्पन्न, घरच्या कंपनीतला लाभांश या सर्वांत सीमारेषा धूसर आहे, आणि ती स्पष्ट करण्याची घाई कोणत्याही सरकारला दिसत नाही.

दुसरा प्रश्न मुक्कामाच्या मुदतीचा. अमेरिकेत विद्यार्थ्याला अभ्यास चालेल तोवर राहता येत आले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याऐवजी कमाल चार वर्षांची ठरावीक मुदत घालण्याचा प्रस्ताव आला. पीएचडी करणाऱ्याला चार वर्षे सहसा पुरत नाहीत, आणि मुदतवाढीचा अर्ज अडकला तर त्याचे कामही अडकेल.

तिसरा प्रश्न नियम मध्येच बदलण्याचा, आणि कर्ज काढणाऱ्याला सर्वांत जास्त छळणारा तोच आहे. ब्रिटनने ग्रॅज्युएट रूटची मुदत दोन वर्षांवरून १८ महिने केली, ती १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना. सप्टेंबर २०२५ मध्ये एक वर्षाच्या मास्टर्सला बसलेल्या वर्गाचे निकाल २०२६ च्या शेवटच्या महिन्यांत लागतात, आणि निकाल कळवल्याशिवाय अर्ज करता येत नाही. ज्याच्या विद्यापीठाने नोव्हेंबरमध्ये कळवले त्याला दोन वर्षे. ज्याचे कळवणे नाताळच्या सुटीत राहिले त्याला दीड. फी दोघांची सारखी. बँकेचा हप्ता मात्र अभ्यासक्रम संपल्यापासून सहा महिन्यांनी किंवा फार तर वर्षाने दोघांनाही सुरू होईल, आणि एकाला तो फेडायला परदेशी पगाराचे सहा महिने कमी मिळतील.